भिजल्या दगडाचा वास

कोरड्या दगडाला वास नसतो. बोटांनी त्यावर दोन थेंब सोडावेत, पाणी पसरू द्यावं, थोडं मुरू द्यावं आणि मग नाक अगदी जवळ न्यावं. तेव्हा कुठे एक थंडसर, मातकट वास वर येतो, इतका हलका की श्वास जोरात घेतला तर हरवूनच जावा.

ब्रसेल्समध्ये राहायला आल्यावर या वासाचा मला नाद लागला. तिथल्या प्लास द्यू ज द बाल चौकात रोज सकाळी जुना बाजार भरतो आणि कुणाकुणाच्या आवरून टाकलेल्या घरांतल्या वस्तू दगडी फरशीवर मांडल्या जातात. गंजलेल्या किल्ल्या, काटे-चमचे यांच्या खाली कधी वस्तऱ्याला धार लावायचा एखादा लांबट दगड सापडतो, वर्षानुवर्षांच्या साबणाने काळवंडलेला, मधोमध किंचित खोल गेलेला. तो खोलगटपणा मी अंगठ्याने चाचपते. कुणाचा तरी वस्तरा इथून किती सकाळी गेला असेल!

घरी आणून कोमट पाण्याने धुतला की हळूहळू रंग उघडतात. वरची बाजू सायीसारखी पिवळसर, खालची जांभळट निळी निघाली, की मन आर्देनच्या डोंगरांत, साल्म नदीच्या खोऱ्यात जातं. व्हिएलसाल्मच्या परिसरातला हा कोटिक्यूल दगड. कडेवर दोन रंग भेटतात ती रेघ वेडीवाकडी असेल तर ती जोडी जमिनीच्या पोटातच जुळलेली; सुतासारखी सरळ असेल तर बहुधा पिवळी पातळ चकती कारागिराने पाटीच्या दगडावर चिकटवलेली. मग त्याच जातीचा लहान तुकडा घेऊन पाण्यात घासायचा. पिवळ्या बाजूला दुधी गाळ सुटतो, निळ्या बाजूला जांभळट. त्या दुधात गार्नेटचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात आणि पोलाद झिजवतात ते तेच. पाहत राहावं असं ते दूध!

सगळे दगड असे चटकन बोलत नाहीत. इंग्लंडच्या चार्नवुडचा हिरवट दगड तांबड्या शिरांवरून ओळखू येतो. अर्कान्सासचा जवळजवळ निव्वळ गारेचा. घासून गाळ निघत नाही, पण पातळ कड उजेडात धरली तर कधी कधी आतून उजळते. अनेकदा तो तेल प्यायलेला असतो आणि तेलाखाली दगडाचा स्वतःचा वास दबून जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण हा वास मला आमच्या ओसरीवर नेतो. रविवारी न्हावीकाका यायचे, धोकटी सोडायचे, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून काळ्या दगडावर शिंपडायचे. आजोबा पाटावर मान वर करून बसलेले. वस्तऱ्याचा आवाज आधी खरखरीत यायचा, मग बारीक होत होत जवळजवळ नाहीसाच व्हायचा. आवाज गेला की काका वस्तरा दगडावरून उचलायचे आणि चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारायचे. दगडाचा तो वास, साबणाचा फेस, आजोबांचे मिटलेले डोळे. ती सकाळ कशी संथ असायची.

तुमच्याही घरात, जुन्या पेटीच्या तळाशी असा दगड असेल, तर त्याला तेल लावू नका. साध्या पाण्याने धुवा. वस्तऱ्यासाठी वापरायचा तर वरची बाजू घासून सपाट करावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण टोकाला चिकटलेला कागदाचा कपटा तेवढा जपा. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या दगडांवर सोन्नेबर्गच्या एशर कंपनीची चिठ्ठी टोकालाही असे आणि दगड कुठला, याचा लेखी पुरावा म्हणून अनेकदा तो कपटाच काय तो उरलेला असतो.