हिरवा पट्टा

1980च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना थाटला, तेव्हा वजनाची तक्रार एकाच प्रकारची असे : वाढत नाही. जाड झालोय म्हणून कुणी डॉक्टरकडे येत नसे. पोट सुटलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा. व्यापारी, बागायतदार, नाहीतर साखर कारखान्याचा संचालक. त्याच्या ढेरीला रोग म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती, माझी तर नव्हतीच. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ हे वाक्य मात्र मी इतक्यांदा ऐकलं, की केसपेपरवर त्यासाठी एक खूणच ठरवून टाकली होती.

त्यात उपवर मुली फार. तुळशीची लग्नं लागली की आया त्यांना घेऊन येत. “डॉक्टर, हिला जरा अंग धरू दे. बघायला येणारेत.” मुलगी खाली मान घालून बसलेली. मी जीभ बघायचो, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचो, लोहाच्या गोळ्या लिहायचो आणि जोडीला सायप्रोहेप्टाडिन द्यायचो. हे मूळचं ॲलर्जीचं औषध. भूक वाढणं हा त्याचा दुष्परिणाम, पण आमच्याकडे तेच मुख्य काम होऊन बसलं होतं. दुसरा दुष्परिणाम झोपेचा. एका घरी पाहुणे पोहे खाताहेत आणि मुलगी बसल्या जागी पेंगतेय, असा प्रकार झाला. मुलगी सुस्त दिसते, असा निरोप आला. आईने येऊन मला हे सांगितलं, तेव्हा मी दुपारची गोळी काढून रात्रीची केली. गोळी मुळातच कशाला हवी, हा विचार शिवलासुद्धा नाही. गोळी थांबली की वाढलेलं वजन उतरायचं, पण तोवर अक्षता पडलेल्या असायच्या आणि पुढची काळजी सासरच्यांची.

गावातल्या महिला मंडळाने गुटगुटीत बालक स्पर्धा भरवली, तिचा परीक्षकही मीच. तराजूत ज्याचा काटा सगळ्यात पुढे गेला त्याला पहिलं बक्षीस दिलं. त्या बाळाच्या मनगटाला वळ्या होत्या, गालामुळे डोळे दिसत नव्हते आणि टाळ्या कडाडल्या होत्या. मान धरतं का, रांगतं का, लसी झाल्यात का, हे मी विचारल्याचं मला आठवत नाही.

आदर्श वजन किती, हे मला ठाऊक आहे अशी माझी पक्की समजूत होती, कारण ते माझ्या टेबलाच्या काचेखाली छापील होतं. एका औषध कंपनीने दिलेला तक्ता. उंची शोधायची, पुढे हाडापेराने लहान, मध्यम, मोठा असे तीन रकाने, त्यात वजन. तो आला कुठून हे मी कधी विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं, की असले तक्ते मुळात मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकन विमा कंपनीचे. लुई डब्लिन नावाचे त्यांचे संख्याशास्त्रज्ञ होते. कोणत्या वजनाचे विमेदार जास्त जगतात, म्हणजे कंपनीला उशिरा पैसे द्यावे लागतात, हे पाहून त्यांनी 1942–43मध्ये आकडे बसवले. 1959मध्ये ते नव्याने काढले आणि 1983मध्ये पुन्हा काही पौंडांनी वाढवले. त्यातली माणसं अमेरिकेत विमा परवडणारी. पुष्कळांचं वजन बूट-कपड्यांसकट घेतलेलं, काहींनी तोंडी सांगितलेलं. हाडपेर मोठं की लहान हे ठरवायचं कसं, हे जुन्या तक्त्यांत सांगितलेलंच नव्हतं. मीही ते बघून ठरवायचो. माणूस आवडता असला तर हाडपेर मोठं निघायचं.

पुढे काचेखालचा कागद पिवळा पडला आणि औषध कंपनीच्या प्रतिनिधीने एक पुठ्ठ्याची चकती आणून दिली. आतलं चाक फिरवून उंचीसमोर वजन आणायचं, की खिडकीत आकडा आणि रंग दिसे. हिरवा, पिवळा, लाल. ही बीएमआयची चकती. वजन किलोत, त्याला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. मला ती भयंकर आवडली. पेशंटलाही दाखवता यायची. रंग दिसला की वाद मिटत.

ज्याचं हे सूत्र, तो आदोल्फ केतले बेल्जियमचा, पेशाने खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. 1830च्या दशकात त्याला सरासरी माणूस कसा असतो हे शोधायचं होतं. कोण निरोगी, कोण लठ्ठ, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. 1972मध्ये ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूत्र उचललं, पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांवर पारखलं आणि बॉडी मास इंडेक्स असं बारसं केलं. त्या पाच देशांत भारत नव्हता, आणि बायका तर मोजल्याच नव्हत्या. 1998मध्ये अमेरिकेने जादा वजनाची रेघ 27-28च्या आसपासची काढून 25वर आणली, तेव्हा अडीच-तीन कोटी अमेरिकन माणसं एक घासही जास्त न खाता जाड ठरली. ही बातमी वाचून मी हसलो होतो. आपल्या हातातली चकतीही त्याच घराण्यातली आहे हे लक्षात घेतलं नाही.

आता गुरुजींचं सांगतो.

2001चा पावसाळा. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय 47, उंची 165 सेंटिमीटर, वजन 59 किलो. हातापायाच्या काड्या, गळ्याची हाडं दिसणारी, शर्ट पँटमध्ये खोचला की पुढे छोटंसं मडकं ठेवल्यासारखं पोट. रात्रीतून दोनतीनदा उठावं लागतं, अशी तक्रार होती. वडील मधुमेहाने गेले, हे त्यांनी आपणहून सांगितलं. आणि मग अगदी संकोचाने, डॉक्टरला शिकवल्यासारखं होऊ नये अशा बेताने, ते म्हणाले, “शुगर करून घेऊ का एकदा?”

बाहेर वीसेक माणसं बसलेली. मी चकती काढली, फिरवली, त्यांच्यापुढे धरली. 21.7. हिरव्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर. “गुरुजी, शुगर असल्या शरीराला होत नाही. खुशाल पेढे खा. रात्रीचं पाणी कमी प्या.” ते हसले. मीही हसलो. आपल्या चाळीस रुपयांच्या तपासणीचे पैसे वाचवले, असं दोघांनाही वाटलं असणार.

हा प्रसंग मी पुष्कळदा मनात उलटून पाहिला आहे. अज्ञानाचं कारण पुढे करता येत नाही. वडिलांचा मधुमेह, रात्रीची लघवी, सुटलेलं पोट, तिन्ही गोष्टी समोर होत्या आणि चौथी, म्हणजे निदान, पेशंटने स्वतःच करून आणलं होतं. मला फक्त बोटाला सुई टोचायची होती. पण माझ्या हातात रंग होता, आणि रंग हिरवा होता.

दोन वर्षांनी ते आले ते लंगडत. नव्या वहाणेने उजव्या अंगठ्याला फोड आला होता, फुटला होता, चिघळला होता, आणि त्यांना तो दुखलाच नव्हता. मोजे काढताना वास आला तेव्हा त्यांच्या मंडळींच्या लक्षात आलं. शुगर 340. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. मोठ्या गावच्या दवाखान्याचा खर्च शिक्षकांच्या पतसंस्थेच्या कर्जातून भागला आणि मुलीचं लग्न एक वर्ष पुढे गेलं. टाके काढायला ते माझ्याकडेच आले. मी काय बोलावं हे ठरवत होतो, तोच त्यांनी विचारलं, “तुमची ती चकती आहे का अजून?” कुत्सितपणा नव्हता त्यात. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर पुन्हा मांडायला सांगावं, तसा सूर. चकती होती. ड्रॉवरमध्ये. मी नाही म्हणालो.

2004मध्ये लॅन्सेटमध्ये एक पानभर मजकूर आला, फोटोसकट. दोन डॉक्टर शेजारीशेजारी उभे : पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3. चकतीवर दोघेही हिरवे. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. एका मित्राने त्याची झेरॉक्स पाठवली. मी ती गुरुजींच्या केसपेपरला टाचणीने लावून ठेवली. खरं तर माझ्याच गळ्यात अडकवायला हवी होती.

याज्ञिकांचं काम पुण्याजवळच्या खेड्यांत 1993पासून चालू होतं, माझ्या दवाखान्यापासून एसटीच्या टप्प्यात. तिथल्या गर्भार बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मतः 2.7 किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनला तीच 3.5 किलोची. आपलं बाळ सगळीकडूनच लहान असेल असं वाटतं ना? पण त्यांनी पाठीवरच्या कातडीची चिमूट मापकाने मोजली, तेव्हा तिथली चरबी फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. पोटात असताना उपासमार झाली की शरीर आधी स्नायूंवर काटकसर करतं. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. पुढे हेच मूल भराभर वजन घ्यायला लागलं की धोका वाढतो. हे वाचल्यावर ती बक्षिसाची ढाल आणि टाळ्या आठवल्या.

2009मध्ये भारतीय डॉक्टरांनी एकमताने रेघा खाली आणल्या. 23ला जादा वजन, 25ला लठ्ठपणा. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80च्या आत. मी नव्या धर्माची दीक्षा घेतल्यासारखा कामाला लागलो. कालपर्यंत ज्यांना ‘छान आहे’ म्हणत होतो त्यांना झापायला लागलो. माणसं तीच, साड्या त्याच, मी तेवढा बदललो होतो.

बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. 84 किलो, ब्लडप्रेशर जुनं, गुडघे गेलेले. पहाटे चारला मार्केट यार्ड, रात्री नऊला घर. त्यांना मी रोज तासभर चालायला सांगितलं. “चालतेच की वो दिवसभर,” त्या म्हणाल्या. तिसऱ्या खेपेलाही काटा हलला नाही, तेव्हा माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणालो, “पाच किलो कमी केल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका.” त्यांनी ते शब्दशः पाळलं. वजन काही उतरलं नाही, म्हणून त्या आल्या नाहीत. आल्या नाहीत म्हणून प्रेशरच्या गोळ्याही संपल्या. दीडेक वर्षाने सुनेने रिक्षातून आणलं तेव्हा डावा हात लुळा होता. आता त्या वजनकाटा उजव्या हाताने धरतात आणि सून मापं टाकते. त्यांच्या दुकानावरून जाताना मी घासाघीस करत नाही. ही भरपाई आहे असं मी समजत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही.

या चाळीसेक वर्षांत मला एक गोष्ट कधीच जमली नाही : रेघ हलली की आपणही थोडं थांबायचं. प्रत्येक नवा आकडा मी शेवटचा म्हणून स्वीकारला. जानेवारी 2025मध्ये लॅन्सेटच्याच एका आयोगाने म्हटलंय, की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचा आजार ठरवू नका. कंबर बघा, चरबी बघा, अवयवांचं काम बघा. त्याच वर्षी वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं आपल्याकडे आली. परवा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाआधी तिला चार महिने द्या म्हणून आले होते. मुलगी नाकीडोळी नीटस, तब्येतीने ठणठणीत. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही तर आमच्या थोरल्या बहिणीला वाढायच्या गोळ्या दिल्या होत्या.” खरं होतं. मी त्यांना चहा पाजला. इंजेक्शन त्यांना दुसरीकडे मिळालं असेल.

हल्ली मी शिंप्याकडची टेप वापरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुष हमखास पोट आत ओढतात. मग मी त्यांना पिकाचा भाव विचारतो. बोलता बोलता पोट जागेवर येतं. बायकांचं माप सिस्टर घेतात, आणि निऱ्यांवरून घेतलेलं माप मी मानत नाही.

गेल्या महिन्यात गुरुजींचा मुलगा आला. पुण्याला कंपनीत असतो, वय 34, उंची 170, वजन 65. सर्दीसाठी आला होता. मी टेप काढली तसा तो वैतागला. कंबर 94. “काका, मी बारीक आहे,” म्हणत त्याने खिशातून मोबाइल काढून उंची-वजन भरलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. 22.5. खाली हिरवा पट्टा, त्यावर एक आनंदी चेहरा.

मी एचबीएवनसी, म्हणजे शुगरचीच तपासणी, लिहून दिली. “पुढच्या महिन्यात करतो,” तो म्हणाला. मी सिस्टरना हाक मारली आणि त्याला बाही वर करायला सांगितली. “पण मी नाष्टा करून आलोय.”

“या तपासणीला उपाशीपोट लागत नाही,” मी म्हणालो, “मूठ आवळ.”