आग्या वेताळ

आमच्या केदारखेड्यात रात्री दारे धरायला गेलेला माणूस लांबवर एखादा जाळ दिसला, तर त्याकडे बोट दाखवीत नाही. ‘आग्या वेताळ असंल,’ म्हणतो आणि खाली मान घालून पाणी वळवीत राहतो.

या वेताळाचे सामर्थ्य तरी काय? तो पेटतो, चालतो, जवळ गेले की विझतो. जाळीत मात्र काहीच नाही! टॉल्किनचा बालरॉग (१९५४) पेटती तलवार उगारतो. डायना विन जोन्स यांच्या १९८६ च्या कादंबरीतला कॅल्सिफर हा अग्निराक्षस तर चुलीला बांधलेला. त्याला सरपण माणसानेच घालायचे. मला हा अधिक खरा वाटतो. खांडववन गिळायला निघालेल्या अग्नीलाही कृष्णार्जुनांची मदत मागावी लागलीच की!

मी लहान असताना एका उन्हाळ्यात आमची कडब्याची गंजी जळाली. भावकी वेताळाचे नाव घेऊन मोकळी झाली. आजी राखेपाशी बसून म्हणाली, “त्याच्या जाळाला ऊब नसती बाबा. ही काडी माणसाची हाय.”

त्या साली वैरण विकत घ्यावी लागली. काडी कुणाची, ते आजीने कधीच सांगितले नाही. भावकीतल्या एका घरी विस्तव मागायला जाणे मात्र तिने कायमचे सोडले.