मामाच्या मांडीतली गाठ

गाठ म्हटलं की आपल्याकडे दोनच निदानं असतात. एक, 'चरबीची असेल'. नाहीतर दबक्या आवाजात, 'कॅन्सर तर नाही ना?' माझ्या मामाची गाठ तिसरीच निघाली.

मामा वेल्ह्याचा. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, मामाचं नाही.) वीकेंडला आपण चेलाडी फाट्याला वळून राजगड-तोरणा मारतो ना, त्याच पट्ट्यात त्याची भातशेती, थोडी मेंढरं आणि दोन कुत्री. गाठ दुखत नव्हती, म्हणून दोन वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. उकिडवं बसता येईना तेव्हा भोरला दाखवलं, तिथून पुण्याला.

'सुई घालून पाणी काढा की,' मामी म्हणाली. सर्जनने आधी एमआरआय करायला लावला. मोठ्या पिशवीत छोट्या पिशव्या, थेट द्राक्षांचा घड! हायडॅटिड सिस्ट. कुत्र्याच्या आतड्यातल्या इवल्याशा फीतकृमीची करामत. विष्ठेतली अंडी हातावाटे, पाण्यावाटे पोटात जातात. रक्तातून निघाली की पहिली चाळणी यकृत, दुसरी फुप्फुस. म्हणून १०० पैकी साधारण ७० गाठी यकृतात आणि स्नायूत जेमतेम दोन-चार. मामाचं नशीब म्हणजे काय सांगायचं!

सुई का नको, तेही कळलं. आतलं पाणी सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, आणि सांडलेल्या प्रत्येक कणातून नवी गाठ उगवू शकते. त्यामुळे पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे करून दुसरीकडे काही नाही हे बघितलं. मग अल्बेंडाझोलच्या गोळ्या आणि नंतर ऑपरेशन. भोवती खारट पाण्यात भिजवलेले कपडे लावून पिशवी न फोडता अख्खी काढली. त्या दोन तासांत मी ऑफिसचे अकरा मिस्ड कॉल बघितले आणि एकही घेतला नाही.

गोळ्या पुढेही काही महिने चालल्या. लिव्हरसाठी रक्ततपासण्या झाल्या. गाठ परत येऊ शकते, म्हणून काही वर्षं सोनोग्राफी आहेच.

खरी पंचाईत घरी झाली. 'कुत्री सोडून दे,' असं मुंबईच्या मावशीने फर्मान काढलं. मामा भडकला, 'बिबट्या आला तर तू येशील का राखणीला?' मार्ग जनावरांच्या डॉक्टरांनी काढला. कुत्र्यांना ठरावीक दिवसांनी प्राझिक्वांटेलची गोळी, आणि मेंढरू कापलं की कच्चं काळीज-फुप्फुस त्यांच्यापुढे टाकायचं नाही. मामी आता ते खोल खड्डा करून पुरते. गोळी मात्र मामाच भाकरीत दडवून देतो. मोठा कुत्रा भाकरी खातो आणि गोळी बरोबर बाजूला काढतो.