थंड इंजिनाची टिकटिक

आपल्याकडे इंजिनातून बारीक आवाज आला की निदान ठरलेलं असतं : टॅपेट वाजतंय. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीबद्दलही तेच ऐकलं. आधी ज्या वर्कशॉपात गेले तिथल्या सुपरवायझरने बॉनेट उघडलं, क्षणभर कान दिला, ‘साहेब नाही आले?’ असं विचारलं आणि हेड खोलून सगळे लिफ्टर बदलायचं एस्टिमेट माझ्या हातात ठेवलं. तोवर जाड ऑइल टाका, आवाज दबेल, हा सल्ला फुकट. माझ्या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत. त्यांत ऑइलचा दाब भरला की वाल्व्हची फट आपोआप मिटते. जाड ऑइल थंड इंजिनात वर चढायलाच वेळ लावतं. लिफ्टरच वाजत असते तर सकाळचा आवाज उलट लांबला असता. आणि मला तो दाबायचा नव्हताच, कुठून येतो ते कळायला हवं होतं.

आवाजाची तऱ्हाही टॅपेटसारखी वाटत नव्हती. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की टिकटिक सुरू. ॲक्सिलरेटर दाबला की जोर वाढायचा. तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत सगळं गुडूप. लिफ्टरचा आवाज असता तर ऑइल वर पोहोचताच, काही क्षणांत गेला असता. हा तर इंजिन तापायची वाट पाहायचा.

फोनवर आवाज टिपून तो सावकाश वाजवला आणि ठोके मोजले. थंड इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर चालत होतं, म्हणजे दहा सेकंदांत २०० फेऱ्या. ठोके भरले शंभराच्या आसपास. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे प्रत्येक वाल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणजे दुखणं एकाच सिलिंडरचं, इथपर्यंत हिशेब पोहोचला. पुढे मात्र अडला, कारण त्या सिलिंडरचा इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो आणि त्याचा धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो.

मग कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेले. फाउंड्र्या, लेथ आणि इंजिनकाम यांच्या त्या गल्ल्यांत एकाकडे काम अडलं तर पलीकडचा सोडवतो. मिस्त्रींनी गाडी ऐकलीच नाही. ‘ताई, आत्ता गरम आहे, आत्ता ऐकून काय उपयोग? रातभर हितंच राहू दे. सकाळी मी आल्याबिगर कुणी स्टार्टर मारायचा न्हाई.’

सकाळी त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून त्याचं टोक वाल्व्ह कव्हरवर फिरवलं. कुठेच खास काही नाही. मग रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक कानाशी, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेकडेने. धातूतला आवाज स्क्रू ड्रायव्हर पकडतो, हवेतला नळी. शेवटच्या सिलिंडरपाशी ते थांबले आणि नळी माझ्या हाती दिली. टिकटिक कानात थुंकल्यासारखी आली! मग त्यांनी त्याच सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढला. इंजिन लंगडं चालू लागलं आणि टिकटिक थांबली. पेट्रोल जळणं बंद झालं तरी वाल्व्ह उघडझाप करतच असतात. टॅपेट असतं तर वाजत राहिलं असतं. नुसता इंजेक्टरचा आवाज असता तर इंजिन गरम झाल्यावर थांबला नसता.

इंजिन बंद करून हीट शील्ड काढली तेव्हा पोर्टच्या कडेला काजळीचा काळा ओघळ होता आणि टोकाचा स्टड तुटलेला. टोकाचेच स्टड जास्त तुटतात. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि मॅनिफोल्ड तर हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. या ओढाताणीत सर्वांत जास्त सरकतात ती टोकं. थंड असताना फट उघडी, तापून धातू फुगला की बंद. ॲव्हरेज का घटलं होतं, तेही इथेच उलगडलं : फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि कंप्युटर उगाच जास्त पेट्रोल सोडतो. पण खरी काळजी वेगळी. बॉनेटखाली गळणारा धूर एसीच्या वाटेने आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुरुस्तीत सगळा वेळ त्या तुटक्या स्टडने खाल्ला. मॅनिफोल्ड उतरवला तेव्हा स्टडचं खोड जेमतेम चिमटीत येईल एवढं बाहेर होतं. गंज सुटायचं तेल मारून ते रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी खोडावर नट ठेवून आतून वेल्डिंग केलं. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, शिवाय त्या उष्णतेने आट्यातला गंज सुटतो. जरा निवू दिल्यावर मिस्त्रींनी पाना लावला आणि पाव फेरी पुढे, पाव मागे असं करत स्टड बाहेर काढला. इथे घाई केली की स्टड आतच तुटतो आणि मग ड्रिल चालवावं लागतं. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी धरली तर टोकाशी खालून फीलर गेजची पाती सहज सरकत होती, म्हणून तो शेजारच्या गल्लीत फेस मारायला गेला. नवं पॅकिंग, सगळे स्टड नवे, आणि नट मधून सुरुवात करून टोकांकडे, टॉर्क पान्याने.

खर्च एस्टिमेटच्या आसपासही नव्हता.

पुढच्या सकाळी गाडी थंड असताना चालू केली. मी बॉनेटवर वाकून ऐकत राहिले आणि म्हटलं, ‘मिस्त्री, बारीक टिकटिक आहे अजून.’

‘ते इंजेक्टर, ताई. ते वाजणारच. वाजायचे थांबले तर या. आणि पाचशे किलोमीटरला नट दाखवायला या, नवं पॅकिंग बसतं जरा.’