सावलीतला गिबोशी

क्योटोला गेलात तर सांजो पुलाच्या कठड्यावरचे कांद्याच्या घाटाचे काशाचे कळस जरूर पाहा. त्यांना ‘गिबोशी’ म्हणतात. आणि कळी तशीच दिसते म्हणून होस्टाच्या झाडालाही जपानात तेच नाव!

पुलापलीकडच्या बोळात, एका उंबरठ्याशी, तळहाताएवढ्या कुंडीत मला पांढऱ्या काठाचा चिमुकला गिबोशी भेटला. पानांच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते. म्हणून तो सावकाश वाढतो आणि उन्हात करपतो. मधूनच एखादा निव्वळ हिरवा कोंब फुटतो. तो जोमदार; राहू दिला तर सारी कुंडी व्यापतो. घरच्या आजीबाई तो मुळासकट काढत होत्या. नाजूकपणाला असा पहारा लागतो!

कुंडी मुंबईला न्यावीशी वाटली; पण गिबोशीला हिवाळ्याची गाढ झोप हवी. ती आमच्याकडे कुठली मिळायला?