ठाकुर्लीचे वीजघर आणि आमचा 'मुस्तकबिल'

मलकापूरहून मुंबईला जाताना कल्याण सुटले की अब्बा खिडकीतून दाखवायचे, "बेटा, ते चोळा पॉवर हाऊस." विजेच्या गाड्यांसाठी रेल्वेने 1929 मध्ये ठाकुर्लीला उभारलेले हे कोळशावरचे वीजघर 1980 च्या दशकात बंद पडले. 2011 च्या रेल्वे अर्थसंकल्पात ठाकुर्लीला वायूवर चालणारे 700 मेगावॉटचे वीजघर जाहीर झाले. ती बातमी वाचून देऊळघाटातल्या माझ्या भाच्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला. पण देशात वायू कमी पडत गेला. दाभोळचे तयार वीजघरसुद्धा 2013 मध्ये वायूअभावी थांबले. ठाकुर्लीचे तर उभेच राहिले नाही. भाचा आज बुलढाण्यात पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. चूक आमचीच. बातमी 'होणार' म्हणत होती, आम्ही 'झाले' असे वाचले. उर्दूत भविष्यकाळही 'मुस्तकबिल' आणि माणसाचे भवितव्यही 'मुस्तकबिल'. वर्गात मुलांना आता मी दोन्हींतला फरक सांगतो.