दोन मिनिटांचं विमान

नोटा मोजताना माझा हात कधी थरथरला नाही. पण डोक्यावरून विमान गेलं तर मी जमिनीवर उभा राहून जवळचा खांब धरतो. वयाची अठ्ठेचाळीस वर्षं मी विमानात पाऊल न टाकता सुखरूप काढली. घात केला तो कन्येनं. ॲबर्डीनला शिकायला गेली (कर्ज आमच्याच बँकेचं, जामीन अस्मादिक) आणि पदवीदानाला "तुम्ही दोघांनी यायचंच" म्हणून हटून बसली.

"बाबा, भीती मोडायची तर लहान विमानापासून सुरुवात करा," फोनवर म्हणाली. "इथून वर उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी होता तेव्हा एकदा ५३ सेकंदांत पोचलंय!"

मी लगेच कागद घेतला. दोन मिनिटांत २.७ म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. आमचा एसटीचा ड्रायव्हरसुद्धा घाट संपला की एवढं पळवतो. पण ५३ सेकंदांचा हिशेब १८३ वर गेला, तेव्हा पेन खाली ठेवलं.

तरी ते विमान मला आवडलं, खोटं कशाला बोला. लोगनएअरवाले १९६७ पासून ते चालवताहेत. आयलंडर नावाचं दोन पंख्यांचं चिमुकलं यंत्र, आठ-नऊ माणसं, आणि पुढे बसलात तर वैमानिकाच्या मानेवरचे केस मोजता येतील. त्यातून मास्तर जातात, डॉक्टर जातात. पापा वेस्ट्रेवर वस्ती शंभराच्याही आत. पण दगडी घर मात्र पाच हजार वर्षांहून जुनं, पिरॅमिडांच्याही आधीचं! एवढी वर्षं विमानाशिवाय अडलं नव्हतं कुणाचं, असं मी म्हटलं. सौ.नं कपाळाला हात लावला.

घोळ पुढेच होता. त्या दोन मिनिटांच्या विमानात बसायला आधी मुंबई ते लंडन, मग ॲबर्डीन, मग कर्कवॉल, मग वेस्ट्रे. म्हणजे पोहायला शिकण्यासाठी आधी समुद्र ओलांडून या, पलीकडे उथळ तळं आहे!

"मग मी एकटी जाते," सौ. शांतपणे म्हणाली. ती ओरडली असती तर मी वाद घातला असता. शांतपणे म्हणाली म्हणून रजेचा अर्ज लिहिला. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात 'मुलगी' एवढंच लिहिलं. साहेबांनी वर पाहिलं, काही न बोलता सही केली.

मुंबईच्या मोठ्या धावपट्टीची लांबीच जवळजवळ साडेतीन किलोमीटर. म्हणजे दोन्ही बेटांमधलं सगळं अंतर तिच्यात मावून वर उरतं. विमान सुटलं तसे मी डोळे मिटले आणि एका हाताने सौ.चं मनगट धरून दुसऱ्या हातावरचं घड्याळ मोजू लागलो. त्रेपन्न. साठ. एकशेवीस.

"पोचलो!" मी म्हणालो.

"कुठे?"

"पापा वेस्ट्रेला."

"बरं झालं. आता हात सोडा, बांगडी रुतत्येय."

उरले नऊ तास अठ्ठावन्न मिनिटं. हात काही सोडला नाही. फक्त बांगडी वर सरकवली.